प्रयोग बसवायचा तो शेवटच्या रांगेतून

मी पहिली एकांकिका बसवली तेव्हा तिच्यातला सगळ्यात जीव ओतलेला प्रसंग होता पत्र वाचण्याचा. आई जमिनीवर बसते, मांडीवर पत्र ठेवते, वाचता वाचता थांबते आणि सावकाश त्याची घडी घालते. तालमीत हे बघताना आम्ही सगळे गप्प व्हायचो. प्रयोगाच्या दिवशी नेमक्या त्या क्षणी खुर्च्यांची करकर ऐकू यायला लागली. चौथ्या रांगेपासून मागचे लोक माना उंचावत होते, दोघंतिघं अर्धवट उठले होते. सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्या, मंच जेमतेम दोन फूट उंच, त्यात आई खाली बसलेली. पुढच्या तीन रांगांनी पत्र पाहिलं, बाकीच्यांनी पुढच्या माणसाचं डोकं. तालमीत मी रोज एका स्टुलावर, कलाकारांपासून सहा फुटांवर बसून सगळं बघत होतो. घोळ त्या स्टुलाने केला होता.

पहिल्यांदाच काहीतरी सादर करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. नाटक असो, नृत्य, अभिवाचन किंवा गाण्याची मैफल, संहिता आणि कलाकार तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो. प्रेक्षकावर जो परिणाम होतो त्यातला बराचसा अंतर, उजेड, आवाज आणि वेळ यांतून होतो, आणि या गोष्टी खुर्चीवर जाऊन बसल्याशिवाय कळत नाहीत.

पायरी १: वहीत प्रेक्षकाचा रकाना आखा

संहितेच्या वहीत आपण हालचाली लिहितो, एन्ट्री-एक्झिट लिहितो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा आणि प्रत्येक प्रसंगासमोर दोनच गोष्टी लिहा: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि त्याची नजर कुठे हवी. 'दुःख', 'तणाव' असले शब्द त्या रकान्यात नकोत, त्यांनी काही हलत नाही. 'टेबलाच्या खणात पिस्तूल आहे हे प्रेक्षकाला माहीत, पाहुण्याला नाही' असं लिहिलं की काम सुरू होतं. मग पाहुण्याने त्या टेबलावर नुसता हात टेकला तरी प्रेक्षक आवंढा गिळतो. तीच माहिती प्रेक्षकापासूनही लपवली, तर पिस्तूल बाहेर आल्यावर तो एकदा दचकेल आणि विषय संपेल. दोन्ही चालतं, पण कुठलं हवंय ते तालमीच्या आधी ठरलेलं असावं.

भरताच्या नाट्यशास्त्रातलं रससूत्र अनेकांना तोंडपाठ असतं: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. नाटक बसवणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं तर हे फार व्यवहारी वाक्य आहे. विभाव म्हणजे कारण, परिस्थिती. अनुभाव म्हणजे बाहेर दिसणारी प्रतिक्रिया. व्यभिचारी भाव म्हणजे मधेच येऊन जाणाऱ्या छटा. नवख्या प्रयोगात अनुभाव ढीगभर असतो, रडणं काय, किंचाळणं काय. विभाव मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेलाच नसतो. मग नट रडतो आणि प्रेक्षक घड्याळ बघतो.

पायरी २: अंतर मोजा, अगदी टेप घेऊन

याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापं आहेत. मध्यम आकाराचं आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. दीड फुटाचा हात धरला तर ९६ बाय ४८ फूट, आणि त्यातली निम्मी लांबी रंगमंच व त्यामागच्या जागेकडे जाते. म्हणजे शेवटचा माणूसही मंचापासून पन्नासेक फुटांच्या आतच. याहून मोठं बांधू नका असं ग्रंथ बजावतो आणि कारणही देतो: आवाज बिघडतो, चेहऱ्यावरचे भाव अस्पष्ट होतात. इतक्या शतकांनंतरही जागा बघायला गेलो की मी याच दोन कसोट्या लावतो. शेवटच्या रांगेतून चेहरा कळतो का? साधं बोलणं ऐकू येतं का?

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल याने १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतराचे टप्पे मांडले. दीड फुटापर्यंत अगदी जवळचं, चार फुटांपर्यंत व्यक्तिगत, बारा फुटांपर्यंत सामाजिक, त्यापुढे सार्वजनिक. समाजागणिक ही मापं बदलतात, पण आपल्याला त्यातून एक जाडजूड अंदाज मिळतो. बारा फुटांच्या आत आलेला नट प्रेक्षकाला पात्रापेक्षा माणूस म्हणून जास्त जाणवायला लागतो. त्याचा घाम दिसतो, श्वास ऐकू येतो, आणि खोटं रडणं तिथल्या तिथे पकडलं जातं. उलट साठ फुटांवर खरे अश्रूसुद्धा वाया जातात, तिथे खांदे बोलले पाहिजेत. म्हणून एकच प्रयोग छोट्या खोलीतून मोठ्या सभागृहात नेलात तर तो नव्याने बसवावा लागतो. 'तसाच करू, फक्त जरा मोठ्याने' हे चालत नाही. मी करून बघितलंय.

जवळिकीचा वापर किती नेमका होऊ शकतो हे बघायचं तर काबुकी हा जपानी नाट्यप्रकार बघा. तिथे हानामिची नावाची वाट प्रेक्षकांच्या मधून मंचापर्यंत जाते, आणि त्या वाटेवर थांबायची एक ठरलेली जागा आहे. तिला 'शिचिसान' म्हणतात, म्हणजे सात-तीन. वाटेचे सात हिस्से मागे, तीन हिस्से पुढे. महत्त्वाचं पात्र तिथे थांबतं, पवित्रा घेतं, आणि आजूबाजूच्या प्रेक्षकांना मान वळवून वर बघावं लागतं. 'मधेच कुठेतरी थांब' असं तिथे कोणी सांगत नाही.

आता तुमचं काम. तालमीच्या जागेत चिकटपट्टीने मंच आखा. खऱ्या सभागृहातल्या पहिल्या रांगेच्या दोन्ही कडेच्या खुर्च्या आणि शेवटच्या रांगेतली एक, अशा तीन जागा मोजून घ्या आणि तिथे खुर्च्या मांडा. जागा अपुरी असेल तर खुर्ची दाराबाहेर ठेवा, पण ठेवा. आठवड्यातून एकदा पूर्ण तालीम या तीन खुर्च्यांवरून बघायची. खुर्च्या सपाट जमिनीवर असतील तर माझा एक ठोक नियम आहे: ज्या कृतीवर प्रसंग उभा आहे ती उभ्या माणसाच्या कमरेच्या वर घडली पाहिजे. खाली बसायचंच असेल तर लेव्हल, म्हणजे मंचावर ठेवायचा उंच चौथरा, वापरा.

प्रेक्षक समोर, तीन बाजूंनी की चारही बाजूंनी, हाही याच पायरीवरचा निर्णय. समोर बसवलं की तुम्ही चित्र दाखवता. चारही बाजूंनी बसवलं की प्रत्येकाला मंचापलीकडचे चेहरे दिसतात. एकाचं हसू दुसऱ्याला लागतं, पण एकाची जांभईही लागते. अशा मांडणीत कोणाकडे तरी कायम पाठ असणार हे मान्य करून टाका आणि नटाने थोड्या थोड्या वेळाने कोन बदलावा एवढं बघा.

आणि हो, दोनशे खुर्च्यांत चाळीसच माणसं येणार असतील तर मागच्या रांगा दोरी बांधून बंद करा आणि सगळ्यांना पुढे, शेजारीशेजारी बसवा. विखुरलेली चाळीस माणसं हसत नाहीत. एकटा माणूस मोठ्याने हसायला लाजतो.

पायरी ३: आधी चेहरा उजळा, मग कलाकुसर

अंधारात बसून नाटक बघणं इतकं अंगवळणी पडलंय की ते कायम तसंच होतं असं वाटतं. मेणबत्त्यांच्या आणि झुंबरांच्या काळात युरोपातलं प्रेक्षागृह उजळलेलंच असायचं. लोक नाटकाइतकंच एकमेकांना बघायला यायचे. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइट इथे संगीतकार वाग्नरचं स्वतःचं नाट्यगृह सुरू झालं. वाद्यवृंद मंचाच्या पुढे खाली झाकलेला, सगळ्या खुर्च्या मंचाकडे रोखलेल्या आणि प्रेक्षागृहात काळोख. पाचच वर्षांनी, १८८१ मध्ये, लंडनचं सॅव्हॉय थिएटर संपूर्णपणे विजेच्या दिव्यांवर चालू लागलं. हळूहळू काळोख हा नियमच झाला.

नियम नसून तो निवड आहे हे लक्षात ठेवलं तर बरंच काही हाती लागतं. काळोख प्रेक्षकाला एकटं करतो. शेजारी कोण आहे हे तो विसरतो आणि मंचावरच्या माणसाच्या आत शिरतो. थोडा उजेड ठेवला की तो घोळक्यातला एक होतो. विनोदी कार्यक्रम, गोष्ट सांगणं, प्रेक्षकांशी थेट बोलणं असेल तेव्हा मी प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण बंद करत नाही. शोकांतिकेला करतो.

दिवे कमी असतील तरी घाबरू नका. दोन दिवे समोरून, डाव्या-उजव्या बाजूंना विभागून, साधारण ४५ अंशांच्या कोनात वरून लावले की चेहरा नीट दिसतो. मागून एखादा दिवा असेल तर माणूस पार्श्वभूमीपासून सुटा होतो. खालून मारलेला दिवा चेहरा भेसूर करतो, कारण खालून येणाऱ्या उजेडाची डोळ्यांना सवय नसते. भुताच्या प्रसंगाला ठीक, पण पुढच्या कडेला ठेवलेला दिवा चुकून प्रेमप्रसंगात तसाच राहिला तर नायक गुन्हेगार वाटतो.

'ऐकू येत नव्हतं' अशी तक्रार आली की आधी माइककडे धावू नका, दिवे तपासा. माणूस बोलणं ओठांवरूनही टिपत असतो. तोंड अंधारात गेलं की तोच आवाज कमी ऐकू येतो. निळ्याशार उजेडात कवितावाचन करणाऱ्यांना हे मी सांगून थकलोय.

आता ब्लॅकआऊट, म्हणजे सगळे दिवे एकदम बंद. नवख्या माणसाचा हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात महागडा क्षण. डोळ्यांना अंधाराला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यामुळे झगझगीत उजेडातून अचानक काळोख केला की पहिले काही सेकंद कोणालाच काही दिसत नाही, नटालासुद्धा. म्हणून मंचाच्या कडा, पायऱ्या आणि टेबलाचे कोपरे यांवर रेडियमच्या पट्ट्या लावा, विंगेत एक मिणमिणता निळा दिवा ठेवा. एकदा मी एका प्रयोगात प्रेक्षकांत बसून प्रवेशबदलाचा ब्लॅकआऊट मोजला होता. एक टेबल आणि दोन खुर्च्या हलवायच्या होत्या. तिसऱ्या सेकंदापर्यंत शांतता. पाचव्याला खोकला. सातव्याला मंचावर काहीतरी घासलं आणि माझ्यामागे कोणीतरी हसलं. दहाव्याला कुजबुज. बाराव्याला पुढच्या रांगेत मोबाइलचा पडदा उजळला. चौदाव्या सेकंदाला दिवे आले तेव्हा आधीच्या प्रवेशातलं मरण सगळे विसरले होते. तेच टेबल मंद उजेडात, पात्रांनीच, आपापल्या चालीत उचलून नेलं असतं तर लोकांनी तेही नाटक म्हणूनच बघितलं असतं. पाच सेकंदांच्या वरचा काळोख असेल तर त्यात ऐकायला काहीतरी हवं.

उलट, अतिशय सावकाश बदलणारा उजेड कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन मिनिटांत हळूहळू दिवे कमी करत न्या, प्रेक्षक नकळत पुढे झुकतो. एका तासात चाळीस क्यू, म्हणजे उजेडाचे ठरलेले बदल, लावण्यापेक्षा असे दोन बरे. लखलखणारा स्ट्रोब वापरणार असाल तर प्रवेशद्वाराशी तशी सूचना लावा. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो.

पायरी ४: आवाज, हशा आणि शांतता

रिकामं सभागृह फसवतं. माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषतात, त्यामुळे रंगीत तालमीत घुमणारा आवाज भरलेल्या सभागृहात दबतो. संगीताची पातळी तालमीत ठरवलीत तरी प्रयोगाला ती जागची हलणार हे धरून चाला, आणि ऑपरेटरला ऐकू येईल अशा जागी बसवा. काचेच्या खोलीतून पातळी कळत नाही.

हशाला एक आकार असतो. तो चढतो, माथ्यावर पोचतो, उतरतो. पुढचं वाक्य उतारावर घ्यायचं. माथ्यावर घेतलं तर वाक्य बुडतं, आणि तीनदा असं झालं की प्रेक्षक पुढचं चुकू नये म्हणून हसायचंच थांबतो. पूर्ण उतरू दिलं तर पोकळी पडते. तालमीत हे शिकवता येत नाही, कारण तालमीत कोणी हसत नाही. पहिल्या प्रयोगाआधी दहा-पंधरा अनोळखी माणसांसमोर एक तालीम केलीत तर नटांना निदान अंदाज येतो.

शांततेबद्दल बोलायचं तर २९ ऑगस्ट १९५२ चा अमेरिकेतल्या वुडस्टॉकचा कार्यक्रम आठवतो. पियानोवादक डेव्हिड ट्यूडर मंचावर आला, पियानोसमोर बसला आणि संगीतकार जॉन केजची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना त्याने 'वाजवली'. एकही सूर नाही. तीन भागांच्या खुणा म्हणून पियानोचं झाकण तेवढं मिटलं आणि उघडलं. केजने नंतर सांगितलं की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, आणि तिसऱ्यात लोकांचे स्वतःचेच आवाज. मला यात बसवणाऱ्याच्या कामाची गोष्ट दिसते ती त्या झाकणाची. नुसतं काहीच न वाजणं म्हणजे बिघाड. झाकण मिटलं, म्हणजे शांततेला सुरुवात मिळाली, आणि लोक ती ऐकायला लागले. पॉज घेताना तेच करा: त्याआधी एक स्पष्ट कृती. चष्मा काढून ठेवणं. दार लावणं. मग थांबा. नाहीतर प्रेक्षकाला वाटतं, नट वाक्य विसरला.

पायरी ५: मंचावर ठेवाल ते वापरा

यावर फार बोलत नाही. मंचावरची प्रत्येक वस्तू प्रेक्षकाला काहीतरी कबूल करत असते. भिंतीवर टांगलेल्या तंबोऱ्याला शेवटपर्यंत कोणी हात लावला नाही, तर प्रेक्षकाच्या डोक्यात तो लटकतच राहतो. नेपथ्याला पैसे नसणं ही अडचण खरी, पण माणसंही नेपथ्य होऊ शकतात. १९७२ साली आलेल्या, जब्बार पटेलांनी बसवलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीने उभी राहिलेली माणसंच भिंत होतात, आणि तीच मोडून गर्दी होते. सुताराने उभी केलेली भिंत मंचावर एवढं बोलली नसती. ती भिंत जिवंत आहे, बघते आहे, हवं तेव्हा पाठ फिरवते आहे, हेच त्या नाटकाचं म्हणणं होतं.

पायरी ६: प्रेक्षक कोण आहे ते त्याला कळू द्या

मंच आणि प्रेक्षक यांच्यामधल्या कल्पित 'चौथ्या भिंती'आडून चोरून बघणारा? साक्षीदार? पाहुणा? पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीने १९६३ साली सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टची गोष्ट केली तेव्हा प्रेक्षकांना लांब जेवणाच्या टेबलांशी बसवलं होतं. फाउस्टने आपल्या अखेरच्या वेळी बोलावलेले पाहुणे म्हणून. जर्मन नाटककार ब्रेश्टला प्रेक्षक वाहवत गेलेला नको होता, म्हणून तो दिव्यांची उपकरणं उघडी ठेवायचा, फलक दाखवायचा, मधेच गाणं घालायचा. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने तर फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकाला 'थांबा' म्हणायचा आणि मंचावर येऊन प्रसंग बदलून बघायचा हक्कच दिला.

कुठलीही भूमिका द्या, पण ती पहिल्या पाच मिनिटांत कळली पाहिजे आणि मधेच बदलता कामा नये. पाऊण तास अंधारात निवांत बसलेल्या माणसाला अचानक हाताला धरून मंचावर ओढणं हा अत्याचार आहे. सहभाग हवा असेल तर नकार देणं सोपं ठेवा. डोळे चुकवणारा माणूस 'नको' म्हणतोय हे नटांना शिकवा.

दारांचं इथेच सांगून टाकतो. वातावरणासाठी बाहेर जायची दारं झाकायची, कड्या लावायच्या, हिरव्या पाट्यांवर काळा कागद चिकटवायचा, हे सगळं मी पाहिलंय. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आर्क दिव्याची ठिणगी पडद्याला लागली आणि सहाशेच्या आसपास माणसं गेली. कित्येक दारं कुलूपबंद होती किंवा लोकांना उघडता येईनात. काळोख थोडा कमी गडद झाला तरी चालेल.

पायरी ७: पहिल्या प्रयोगाला मंचाकडे पाठ करा

निदान अर्धा वेळ. बाजूच्या भिंतीशी उभे राहा आणि फक्त प्रेक्षक बघा. वही आणि घड्याळ हातात. खोकला, खुर्च्यांची हालचाल, पत्रिका चाळणं, मोबाइल, यांची वेळ टिपा. एखादा खोकला म्हणजे सर्दी. एकाच मिनिटाला वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चार खोकले म्हणजे प्रसंग लांबलाय. सगळे एकदम स्थिर झाले तर तीही वेळ लिहा, कारण उद्या कापाकापी करताना त्याला हात लावायचा नाही.

टाळ्यांवर विसंबू नका. टाळी मोठ्या प्रमाणात शेजाऱ्याकडून येते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे घेऊन टाळ्या वाजवणारी, हसणारी आणि रडणारीसुद्धा माणसं बसवलेली असत, ती उगाच नाही. प्रयोगानंतर 'आवडलं का' विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: शेवटी आईला काय माहीत होतं? तुम्हाला कुठली वस्तू आठवतेय? कुठे वाटलं की संपलं? उत्तरं पायरी १ च्या रकान्याशी ताडून बघा.

पत्राच्या त्या प्रसंगाचं पुढे असं झालं. दुसऱ्या प्रयोगाला आम्ही आईला उभी ठेवली, खिडकीच्या चौकटीशी, छातीच्या उंचीवर पत्र धरून. वाचणं तेवढंच, थांबणं तेवढंच. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: 'मि. ३१. पत्र. शेवटची रांग स्थिर. घडी घालतानाचा कागदाचा आवाज मागे येतो. जाड कागद घेणे.'